रकाना बदलला, माणसं तीच

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेतल्या हजार-बाराशे वस्तीच्या कुठल्याही गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने चार-पाच ओळी रंगवलेल्या असतात: एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, अनु. जाती, अनु. जमाती. मराठा, वंजारी, माळी, धनगर, न्हावी-सुतारांची दोन-दोन घरं, मुसलमानांची आळी हे सगळं 'एकूण'मध्ये मुरतं. १९३१ नंतर त्यांची जातवार मोजणी जनगणनेच्या तक्त्यांत आलेलीच नाही. मग गाव आकड्यांतून वाचायचं तर नजर अनु. जातींच्या रकान्यावर येते. दगा देतो तोही हाच रकाना.

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ साली ते २७ लाख ८९ हजार झाले. मधे १४ ऑक्टोबर १९५६ आहे, बाबासाहेबांनी नागपुरात महार समाजासह घेतलेली धम्मदीक्षा. गावकुसाबाहेरची वस्ती जिथल्या तिथे होती, पाणवठा वेगळा होता तो वेगळाच राहिला. पण अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असायला हवा होता (१९५६ला शीख आत घेतले गेले). प्रगणकाने धर्म 'बौद्ध' लिहिला की घर त्या रकान्यातून बाहेर. धर्माचे आकडे छापले जातात ते तालुक्यापर्यंतच, गावापर्यंत नाहीत. म्हणजे १९६१, ७१ आणि ८१च्या गावतक्त्यांत ही घरं दिसतच नाहीत. उरतात मांगवाडा, चांभारांची घरं आणि ज्यांनी सवलत जाईल म्हणून जुनाच धर्म सांगितला ते.

'नवबौद्ध' हा शब्द याच पेचातला. राज्याने आपल्या सवलती चालू ठेवल्या, केंद्राच्या बंद राहिल्या. मग कागदावर ओळख पटवायला काहीतरी नाव हवं होतं. वस्तीत हा शब्द फारसा कुणी स्वतःहून वापरत नाही, तिथे 'बौद्ध' म्हणतात. पण एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू महार', मुलाच्या दाखल्यावर 'नवबौद्ध', नातीच्या दाखल्यावर 'बौद्ध' असं सापडतं. जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा आजोबांचाच दाखला कपाटातून बाहेर येतो. जो शब्द टाकून दिला त्याचाच पुरावा मागायचा, ही व्यवस्था तटस्थ आहे असं निदान मला म्हणवत नाही.

१९९० साली कायदा दुरुस्त झाला, बौद्धही यादीत आले. राज्यातला अनुसूचित जातींचा वाटा १९८१च्या ७.१ टक्क्यांवरून १९९१ला ११.१ टक्क्यांवर गेला. गावागावांचे तक्ते शेजारी ठेवले की वाटतं, दहा वर्षांत वस्ती दुप्पट झाली. एकही नवं घर उठलेलं नसतं. (जमातींच्या रकान्याने अशीच उडी १९८१ला मारली होती, ठरावीक भागात राहणाऱ्यांनाच जमातीत धरायचं बंधन उठल्यामुळे.)

त्यापुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२०मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरलं; महारवाड्याच्या पाट्यांवर भीमनगर, समतानगर आलं. २०२१ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ला सगळ्यांचीच जात विचारली जाणार आहे. या भागातली गोम वेगळीच आहे: मोजणी ठरलीय फेब्रुवारीत. त्या महिन्यात निम्म्या घरांना कुलूप असतं आणि माणसं ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, असतात. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो गावात नसतो, तो जिथे सापडेल तिथलाच धरला जातो.