पोलाद कारखान्याच्या आर अँड डी विभागाला डीएसआयआर मान्यता: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

नवा ग्रेड किंवा नवी प्रक्रिया स्वतःच्या कारखान्यात विकसित करणाऱ्या कंपनीला आपल्या आर अँड डी, म्हणजे संशोधन आणि विकास, विभागासाठी केंद्र सरकारची मान्यता घेता येते. ही मान्यता वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग, म्हणजे डीएसआयआर देतो. कार्यालय दिल्लीत टेक्नॉलॉजी भवनात आहे आणि योजना 1973 पासून चालू आहे. पोलाद मंत्रालयाची संशोधन योजना वेगळी. तिथे ठरावीक प्रकल्पासाठी अनुदान मागायचं असतं. इथे थेट पैसे मिळत नाहीत, मिळते ती विभागाला अधिकृत ओळख.

योजना कंपन्यांसाठी आहे, त्यामुळे भागीदारीत चालणाऱ्या युनिटने आधी सीएशी बोलून घ्यावं. आर अँड डी विभाग अर्ज करतानाच चालू असला पाहिजे. ‘पुढच्या वर्षी लॅब बांधणार आहोत’ यावर मान्यता मिळत नाही. विभागाला स्वतंत्र जागा, स्वतःची उपकरणं आणि शिकलेली, पूर्णवेळ माणसं हवीत.

बरेच अर्ज अडखळतात ते क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी, आणि आर अँड डी यांच्या सरमिसळीत. रोजची चाचणी, प्रोसेस कंट्रोल, मेंटेनन्स, मार्केट सर्व्हे यांपैकी काहीही संशोधनात धरलं जात नाही. जालन्यातल्या एखाद्या इंडक्शन भट्टीचं पाहा. भंगार वितळवलं, हीटचा, म्हणजे भट्टीतल्या त्या एका खेपेचा, नमुना धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर लावला, फॉस्फरस जास्त दिसला म्हणून पुढच्या हीटला चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, बदलला, तर ते क्यूसी झालं. पण फॉस्फरस भट्टीतच काढायचा म्हटलं तर चुन्याचा बेसिक (अल्कधर्मी) स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवरची मळी, लागतो आणि तो स्लॅग भट्टीच्या आतलं सिलिकाचं अस्तर खाऊन टाकतो. मग वेगळं अस्तर, स्लॅगचं प्रमाण, तापमान यांचे प्रयोग आखले, फसलेल्या हीटसकट सगळं वहीत नोंदवलं, तर ते आर अँड डी. यंत्र तेच असलं तरी अर्जात प्रश्न, प्रयोग आणि निष्कर्ष दिसावा लागतो.

कागदपत्रांत कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र, लेखापरीक्षित ताळेबंदासह वार्षिक अहवाल, आर अँड डी जागेचा लेआउट, उपकरणांची किमतीसह यादी, कर्मचाऱ्यांची नावं आणि शिक्षण, झालेल्या आणि पुढे करायच्या प्रकल्पांचा तपशील, पेटंट असल्यास त्याची माहिती, हे सगळं तयार ठेवा. सगळ्यात महत्त्वाचा कागद मात्र हिशेबाचा. आर अँड डीचा भांडवली आणि चालू खर्च वहीखात्यात वेगळा दिसला पाहिजे. वर्षअखेरीस अंदाजाने पगार वाटून टाकणं लगेच उघडं पडतं. वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, उघडणं हा सोपा उपाय, आणि तरी तोच सगळ्यात जास्त टाळला जातो.

अर्ज डीएसआयआरच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. छाननीनंतर अधिकारी आणि तज्ज्ञ कारखान्याला भेट देतात किंवा चर्चेला बोलावतात. त्या वेळी संशोधनाची माहिती प्रयोग करणाऱ्या माणसाने द्यावी. सल्लागाराने पाठ करून दिलेली उत्तरं अस्तरावरच्या दुसऱ्या प्रश्नालाच संपतात.

करसवलतीच्या आशेने येणाऱ्यांनी थोडं थांबावं. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 35(2एबी) खाली पूर्वी खर्चाच्या 200 टक्के वजावट मिळत होती. एप्रिल 2017 पासून ती 150 आणि एप्रिल 2020 पासून 100 टक्के झाली. या वजावटीत जमीन आणि इमारतीचा खर्च धरला जात नव्हता आणि नुसत्या मान्यतेवर भागत नव्हतं, फॉर्म 3सीके भरून वेगळी मंजुरी घ्यावी लागत होती. 22 टक्क्यांचा कमी कर निवडलेल्या कंपनीला ती मिळतही नव्हती. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक सीएकडून तपासून घ्या.

मान्यता साधारणपणे तीन वर्षांपर्यंतची असते आणि बहुधा 31 मार्चला संपते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या तीन महिने आधी करायचा, म्हणजे डिसेंबरअखेर. मधल्या काळातल्या प्रयोगांचा आणि खर्चाचा तपशील त्याला जोडावा लागतो, तेव्हा ती वही हाताशी ठेवा.