न्यूक्लिअर मेडिसिनमधे शिशाचा एप्रन का घालत नाहीत?

पेट स्कॅनला गेलेले लोक हमखास विचारतात, एक्सरेवाले एवढा जड शिशाचा एप्रन घालतात मग इथला स्टाफ तसाच कसा फिरतो, यांना भीती नाही का? रेडिएशन कळतं म्हणूनच ते घालत नाहीत.

एक्सरेत बटन बंद, रेडिएशन बंद. इथे किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं की पेशंटच सोर्स. त्या औषधातल्या फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धन भाराचा जोडीदार) निघतो, तो शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि ५११ केव्हीचे (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप) दोन फोटॉन म्हणजे किरणांचे कण उलट दिशांना सुटतात. आता खरी गंमत. कमी ऊर्जेच्या एक्सरेला शिशाचा अणू अख्खा गिळतो, फोटॉन आपली सगळी ऊर्जा आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला देऊन संपतो, याला फोटोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. पण शिशात ऊर्जा दुप्पट झाली की ही शक्यता साधारण सहा-आठ पटीनं घटते, त्यामुळे ५११ केव्हीचा फोटॉन बऱ्याचदा इलेक्ट्रॉनला नुसती धडक देतो, थोडी ऊर्जा गमावतो आणि दिशा बदलून पुढे निघून जातो (हे कॉम्प्टन विकिरण), आणि त्यात शिशाच्या जड अणूचा खास फायदा उरत नाही, जाडीच लागते. अर्धे फोटॉन अडवायला सुमारे ४ मिमी शिसं हवं आणि एप्रनमधे असतं अर्धा मिमी! म्हणजे दहातले नऊ आरपार, वर ओझ्यानं कामाला उशीर, तेवढा डोस जास्तच. दुसऱ्या स्कॅनमधे वापरतात त्या टेक्नेशियमची ऊर्जा १४० केव्ही, तिथे एप्रनचा बऱ्यापैकी उपयोग होतो.



म्हणून इथे भर अंतरावर आणि वेळेवर. अंतर दुप्पट केलं की डोस पाव. पण सिरिंज धरलेल्या बोटांना कुठलं आलंय अंतर? म्हणून सिरिंजवर शिशाहून घन अशा टंगस्टनचं कवच चढवतात, आणि नवीन माणसाकडून आधी साध्या सलाइनवर हात बसवून घेतात. वर्षाची मर्यादा सगळ्या शरीराला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (डोसचं माप), हातांच्या त्वचेला ५००. छातीवरच्या डोस मोजणाऱ्या बॅजला बोटांचं काहीच कळत नाही, त्यासाठी बोटात अंगठीसारखा रिंग बॅज. तोही कमीच दाखवतो, युरोपातल्या ओरामेड प्रकल्पाच्या मोजमापांनुसार तर्जनीच्या मुळाशी जे रीडिंग येतं त्याच्या साधारण सहापट डोस हातावर जिथे सगळ्यात जास्त बसतो तिथे, म्हणजे बहुतेकदा बोटाच्या टोकाला असतो. त्यामुळे रिंग ज्या हातानं लिहीत नाही त्या हाताच्या तर्जनीत, ग्लोव्हच्या आत, डिटेक्टर तळहाताकडे करूनच घालायची. घाईच्या दिवशी सुद्धा.