पडद्यावरचे रंगीत चट्टे: दोष शोधायचा कुठे?

संगणकाच्या पडद्यावर अचानक रंगीत चौकोन उमटतात, अक्षरं चिरफाळल्यासारखी दिसतात, नाहीतर आडव्या रेघा लुकलुकू लागतात. चित्र तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते काम प्रोसेसरमधलाच भाग करतो, म्हणून संशय थेट प्रोसेसरवर जातो आणि काही जण लगेच नवा प्रोसेसर घ्यायला निघतात. इतकी घाई करू नका. प्रोसेसरला दोषी धरण्याआधी तपासण्यासारखं बरंच काही असतं, आणि त्यातलं बहुतेक फुकटात तपासता येतं.

इंटेलने 2011 साली ‘सँडी ब्रिज’ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आणि मुख्य कोअर (आकडेमोड करणारे भाग) एकाच चिपवर आणले. एएमडीचा ‘लानो’ही त्याच वर्षीचा. अशा ग्राफिक्सला सहसा स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाच्या रॅममधलीच (चालू कामाच्या मेमरीतलीच) जागा वापरतं. 1920 × 1080 पिक्सेलचा पडदा, प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे 83 लाख बाइट लागतात. पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होत असेल, तर नुसतं तयार चित्र दाखवायलाच दर सेकंदाला जवळपास 50 कोटी बाइट रॅममधून उचलावे लागतात. एवढ्या वर्दळीत रॅम चुकली की ते पडद्यावर दिसतं. तीच चूक एखाद्या फाइलमध्ये झाली असती, तर कित्येक दिवस कुणाच्या लक्षातही आली नसती.

म्हणून पहिली चाचणी स्क्रीनशॉटची. चट्टे दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहा. स्क्रीनशॉट मेमरीतल्या चित्रावरून बनतो. चट्टे त्यातही असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडलंय: ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम किंवा खुद्द ग्राफिक्स. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर गडबड पुढच्या वाटेवर आहे, म्हणजे चित्र पडद्याकडे धाडणारा भाग, केबल किंवा पडदा. माउसच्या बाणाकडेही नीट बघा. तो बहुतेक वेळा मूळ चित्रात रंगवलेला नसतो, चित्र बाहेर पडताना वरून ठेवला जातो. बिघडलेल्या चित्रावर बाण मात्र लख्ख दिसत असेल, तर केबलला दोष देण्यात अर्थ नाही.

स्क्रीनशॉट स्वच्छ आला, तर केबल आणि मॉनिटर बदलून बघा. लॅपटॉप असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडा. लॅपटॉपचा पडदाच लुकलुकत असेल, तर वीज वाचवणारी ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ ही सोय बंद करून पाहावी. चित्र स्थिर असताना पडदा जवळच्या साठ्यातून तेच चित्र दाखवत राहतो, आणि साठा व ताजं चित्र यांच्यात ये-जा करण्यात काही लॅपटॉप अडखळतात.

स्क्रीनशॉटमध्ये चट्टे आले, तर मी आधी रॅमकडे वळेन. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का ते पाहा. या सेटिंगमुळे रॅम मूळ प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने धावते, आणि प्रत्येक प्रोसेसरला व मदरबोर्डला ते झेपतंच असं नाही. ते बंद करून चट्टे गेले तर कारण बहुधा सापडलंच. नाही गेले तर एका वेळी एकच रॅम स्टिक लावून पाहा, आणि मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. प्रोसेसरचं व्होल्टेज कुणी कमी केलं असेल तर तेही पूर्ववत करा.

ड्रायव्हरची परीक्षा सोपी आहे. विंडोजमध्ये विन, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने चट्टे तात्पुरते गेले, तर ड्रायव्हर बदलून पाहावा, नवा टाकून किंवा जुन्यावर परत जाऊन. बिघाड फक्त ब्राउझरमध्ये दिसत असेल, तर तिथलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (ग्राफिक्सकडून काम करून घेण्याची सोय) बंद करून बघा. खेळताना चित्र आडवं तुटून दिसतं तो मात्र बिघाड नव्हे. नवं चित्र आणि पडद्याचं ताजं होणं यांचा मेळ बसला नाही की तसं होतं. हा मेळ बसवणारं व्ही-सिंक हे सेटिंग चालू केलं की ते थांबतं.

आता बायोसचा पडदा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतोच. तिथेही चट्टे दिसत असतील, आणि दुसरी रॅम, दुसरी केबल, दुसरा मॉनिटर लावूनही हटत नसतील, तर उरतात प्रोसेसर आणि मदरबोर्ड. डेस्कटॉपवर तोच प्रोसेसर दुसऱ्या बोर्डवर लावून निकाल लावता येतो, किंवा वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवून काम चालू ठेवता येतं. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डलाच डकवलेला असल्याने तिथे हा मार्ग नसतो, बोर्डच दुरुस्तीला द्यावा लागतो.