नवे दोन टायर मागेच का? पावसाळ्याआधी टायर बदलणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मे महिना संपत आला की आमच्या दुकानात एकच वाद रोज होतो. ग्राहक दोन टायर घेतात, आम्ही ते मागच्या चाकांना बसवायला लागतो आणि ते म्हणतात, "अहो, पुढे बसवा ना! गाडी पुढून ओढते, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जोरही पुढेच." काही जण तेव्हा बोलत नाहीत. घरी गेल्यावर शेजारी सांगतो की दुकानदारानं चूक केली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात. चारही चाकं काढून अदलाबदल करायची म्हणजे तास जातो, आणि मागे लांबून आलेली माणसं खोळंबतात. म्हणून एकदा नीट लिहून देतो.

टायरच्या खाचा पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. नव्या टायरची खाच साधारण 7 ते 8 मिलिमीटर खोल असते. ती झिजून 2-3 मिलिमीटरवर आली की वेगात असताना पाण्याला निघून जायला वाट पुरत नाही, रबर रस्त्यापासून सुटतं आणि चाक पाण्यावर तरंगतं. पुढची चाकं तरंगली तर स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि गाडी वळायची सोडून सरळ जाते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढला, वेग उतरला, की बहुतेक वेळा पकड परत येते. मागची चाकं तरंगली तर हाताला आधी काहीच कळत नाही. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गर्रकन फिरते. घाबरून ब्रेक दाबला तर आणखी फिरते. ती सावरणं भल्याभल्या ड्रायव्हरला जमत नाही. गाडी पुढून ओढणारी असो की मागून ढकलणारी, हे गणित बदलत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका नेहमीच्या ग्राहकांनी हट्टच धरला आणि आम्ही नमतं घेतलं. नवे दोन पुढे, जुने दोन मागे. जुलैत कराडहून येताना कुंभार्ली घाटात, तांबडी माती वाहून आलेल्या एका वळणावर गाडी मागून फिरली आणि डोंगराकडच्या गटारात जाऊन अडकली. माणसं सुखरूप राहिली, कारण फिरली ती दरीच्या बाजूला नाही. गाडी आमच्याकडे आली तेव्हा खाचा मोजल्या: पुढे सातच्या जवळ, मागे जेमतेम दोन. तेव्हापासून नवी जोडी पुढे बसवून द्यायची नाही हे आम्ही ठरवलं आहे. त्यापायी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पुढचे टायर लवकर झिजतात, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. म्हणूनच उरलेले दोन बरे टायर पुढे जातात. तिथे त्यांचं राहिलेलं आयुष्य वसूल होतं आणि पुढच्या वेळी तेच दोन बदलायचे. मात्र त्या उरलेल्या दोघांत निदान 3 मिलिमीटर खाच हवी. कायद्याची हद्द 1.6 मिलिमीटरची आहे. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बाद. पण कोकणातल्या पावसात तिथपर्यंत थांबू नका. खाच आम्ही गेजनं मोजून तुमच्यासमोर दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.

आता स्वस्तात काय घ्यावं. "किती किलोमीटर चालेल?" हा पहिला प्रश्न सगळ्यांचा. जास्त चालणाऱ्या टायरचं रबर बहुधा कडक असतं आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडते. घाटातून रोज ये-जा असेल तर पाचेक हजार किलोमीटर कमी चालले तरी चालतील, पण रुंद सरळ खाचांचा, मऊ रबराचा टायर घ्या. त्यासाठी महागडी विदेशी कंपनी लागत नाही. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके यांच्या साध्या मालिकांतही चांगली निवड मिळते. रुंद टायर मात्र हौसेनं बसवू नका. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, शिवाय महागही पडतो.

सेकंडहँड टायरची विचारणा रोज असते. आम्ही ते ठेवत नाही. गोटा झालेल्या टायरला गरम हत्यारानं खाचा कोरून तो नव्यासारखा दाखवतात. आतला धागा दिसायला किती रबर उरलंय, हे वरून कळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे नव्या-जुन्यातला फरक आधीइतका राहिलेला नाही. बिल नक्की घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

टायरची तारीख बघायची असेल तर बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. 2625 म्हणजे 2025 सालचा 26 वा आठवडा. "याच महिन्याचा द्या" असा आग्रह नको, सावलीत ठेवलेला काही महिन्यांचा टायर शिळा होत नाही.

पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं बरेच जण सांगतात. उलट होतं. हवा कमी असली की टायर पाणी नीट कापत नाही आणि कमी वेगातच तरंगतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवाच ठेवा, तीही टायर थंड असताना मोजून. स्टेपनीची हवा विसरू नका. नव्या टायरवर पहिले दोनशे किलोमीटर जरा बेतानं चालवा, कारखान्यातून आलेला गुळगुळीतपणा जायला तेवढं लागतं.

येण्याआधी टायरच्या बाजूवरचा आकडा आणि दाराजवळचा स्टिकर, दोन्हींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नुसतं "स्विफ्टचा टायर" म्हणून भागत नाही, कारण मॉडेलप्रमाणे 165/80 आर14 आणि 185/65 आर15 असे वेगवेगळे साइज येतात. फोटो आला की आम्ही दोन-तीन भाव कळवतो आणि माल काढून ठेवतो. दोन टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून साधारण तासाभराचं काम आहे. मृगाच्या आधी आलात तर थांबावं लागत नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा वेळ ठरवूनच या.