रिफर्बिश आणि रिसायकल: जुन्या कॉम्प्युटरच्या दोन वेगळ्या वाटा

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत ई-कचरा न्यायला टेम्पो आला होता. बंद पडलेले मिक्सर, कीबोर्ड, वायरींचा गुंता आणि त्या सगळ्यावर एक काळा लॅपटॉप. सहज उचलून बटण दाबलं, तर सुरू झाला! डाव्या बाजूची बिजागरी तुटली होती, एवढंच. तो टाकणारे शेजारचे काका म्हणाले, "टेम्पोत टाकला म्हणजे रिसायकल होणार. कुणीतरी वापरेलच की पुढे."

काका भले गृहस्थ आहेत आणि त्यांचा हेतूही चांगलाच होता. पण रिसायकल झालेला लॅपटॉप पुढे कुणीही वापरत नाही, कारण तो लॅपटॉप म्हणून उरतच नाही. या घोटाळ्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. वर्तमानपत्रात 'पुनर्वापर' हा एकच शब्द दोन्हींसाठी येतो: दुरुस्त करून दुसऱ्याला दिलेल्या यंत्रासाठी आणि तोडून वितळवलेल्या यंत्रासाठीही. म्हणून बाजारातलेच शब्द वापरते. रिफर्बिश म्हणजे यंत्र उघडून, साफ करून, बिघडलेला भाग बदलून पुन्हा चालतं करणं. रिसायकल म्हणजे यंत्राचे तुकडे करून त्यातले धातू परत मिळवणं.

फरक किती मोठा आहे हे कळायला चिपपासून सुरुवात करावी लागते. २००२ साली संशोधक एरिक विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम २ ग्रॅम वजनाच्या, ३२ एमबीच्या मेमरी चिपचा हिशोब मांडला. तिच्या घडणीपासून वापरापर्यंत मिळून सुमारे १६०० ग्रॅम कोळसा-तेलासारखं इंधन आणि ७२ ग्रॅम रसायनं लागतात. शिवाय कारखान्यात ३२ लिटर पाणी खर्च होतं. दोन ग्रॅमसाठी! यात सिलिकॉनची किंमत फारशी नाही, ते वाळूतूनच येतं. खर्च होतो तो त्याला कमालीचं शुद्ध करण्यात, धुळीचा कण नसलेल्या खोल्या चोवीस तास राखण्यात आणि थरावर थर कोरण्यात. त्याच विल्यम्स यांनी संयुक्त राष्ट्र विद्यापीठासाठी २००४ मध्ये संपूर्ण डेस्कटॉपचा हिशोब केला. सतरा इंची मॉनिटरसह एक संच बनवायला किमान २४० किलो इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी. आकडे जुन्या यंत्रांचे आहेत, पण मुद्दा आजही तोच आहे: कॉम्प्युटरमधला माल थोडा, त्यावर झालेली मेहनत अफाट.

आता तोच कॉम्प्युटर रिसायकलला जातो तेव्हा काय होतं? लोखंड, ॲल्युमिनियम आणि तांबं वेगळं काढतात. चिप बसवलेले बोर्ड मोठ्या भट्टीत जातात आणि त्यातून सोनं, चांदी, पॅलेडियम मिळतं. हे काम मोलाचं आहे. एक टन बोर्डांत शंभर ग्रॅमपेक्षाही जास्त सोनं असू शकतं, खाणीतल्या टनभर खडकात ते काही ग्रॅमच असतं. पण चिपमध्ये कोरलेली ती सगळी मेहनत भट्टीत पहिल्या क्षणी नाहीशी होते. हार्ड डिस्कच्या चुंबकातला निओडायमियम हा धातू बहुतेक वेळा चुऱ्यात हरवतो, बोर्डावरच्या छोट्या कपॅसिटरमधला टँटलम हा धातू भट्टीत उरणाऱ्या मळीत जातो. पैठणी जाळून तिच्यातली सोनेरी जर काढावी, तसं हे आहे. जर मिळते, पैठणी जाते.

आणि ही झाली चांगल्या रिसायकलिंगची गोष्ट. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद होती फक्त २२.३ टक्क्यांची. बाकीचा कुठे जातो? त्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हातांनी सुटा होतो. मुरादाबादला बोर्ड जाळून, ॲसिडमध्ये बुडवून तांबं आणि सोनं काढण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला, त्याची राख रामगंगेच्या काठावर साचली. तिथे काम करणाऱ्यांच्या छातीत जाणारा धूर आपण इथून कधी बघत नाही. भंगारवाल्याकडे दिलेल्या प्रत्येक यंत्राचं हेच होतं असं मला म्हणायचं नाही. पण ते कुठे गेलं हे आपल्याला कळत नाही, आणि मला तेवढंही पुरेसं वाईट वाटतं.

मग एक प्रश्न हमखास येतो: जुनं यंत्र वीज जास्त खातं, त्यापेक्षा नवीन बरं नाही का? इथे सरळ गणित करावं. आपल्याकडे ग्रिडमधून येणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुना लॅपटॉप २० वॅट घेतो आणि नवा १२, असं धरू. रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस चालवला तर वाचतात १९ युनिट, म्हणजे १३-१४ किलो. नवा लॅपटॉप बनतानाच किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, ते कंपन्या स्वतः छापतात. साध्या मॉडेलचा आकडा बहुधा १५० ते ३०० च्या दरम्यान असतो. २०० धरला, तरी विजेच्या बचतीतून तो फेडायला पंधरा वर्षं लागतील. एवढा कोणता लॅपटॉप टिकतो?

गणित उलटंही पडतं, तेही मान्य करायला हवं. एखाद्या दुकानात अजून पेंटियम फोर या जुन्या प्रोसेसरचा डबा आणि काचेच्या नळीचा मॉनिटर चालू असेल, तर दोन्ही मिळून दीडशे वॅट सहज जातात. त्याजागी चाळीस वॅटचा लहान संच आला तर तेवढ्याच तासांच्या वापरात वर्षाला अडीचशेच्या वर युनिट वाचतात. तिथे जुनं यंत्र जपण्यात अर्थ नाही, ते रिसायकललाच द्यावं. त्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, म्हणून तो रस्त्याच्या कडेला ठेवू नये. फुगलेली बॅटरी आणि जळालेला बोर्ड यांनाही रिसायकलशिवाय वाट नाही.

कायद्याने हा भेद ओळखलाय. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत रिफर्बिश करणारे आणि रिसायकल करणारे यांची नोंदणी वेगवेगळी आहे. यंत्र रिफर्बिश झालं की त्याच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी पुढे ढकलली जाते, संपत नाही. शेवटी ते यंत्र रिसायकलच्या दारात जायचंच असतं, फक्त काही वर्षं उशिरा.

सध्या या प्रश्नाला घाई आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरआधीची बहुतेक यंत्रं विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण मालकाला वाटतं ते मेलं. अशा यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून बघा. ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ सगळं चालतं. माहिती चोरीला जाईल म्हणून काही जण हार्ड डिस्कला ड्रिल मारतात, त्याचीही गरज नसते. फिरणारी डिस्क एकदा पूर्ण पुसून वरून लिहिली की पुरे, एसएसडीला, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कला, तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा असते.

काकांचा तो लॅपटॉप त्यांना विचारून मी घरी आणला. मागचे स्क्रू काढले, तर पंख्याच्या तोंडाशी धुळीची नमद्यासारखी चकती बसलेली. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी वाळून भुगा झालेली. धूळ ब्रशने काढली, पेस्ट नवी लावली, फिरणाऱ्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. बिजागरी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने एका दुपारी जोडून दिली. आता तो चौकातल्या अभ्यासिकेत आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं त्यावर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतात. त्यातून निघालेली थकलेली बॅटरी मी टोकांना चिकटपट्टी लावून बाजूला ठेवली आहे. टेम्पो पुन्हा आला की ती द्यायची आहे.