लाल डोकं म्हणजे नर? गोल्डियन फिंचबद्दल खुलासा

ठाण्यातल्या पक्षी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारं वाक्य: ‘गोल्डियन फिंच लाल डोक्याचा तो नर, काळ्या डोक्याची ती मादी.’

तसं नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या या पक्ष्याच्या डोक्याचा रंग आनुवंशिक असतो. लाल, काळा, क्वचित पिवळसर, नरातही, मादीतही. रानात बहुतेक काळ्या डोक्याचेच. एकेकाळी अभ्यासकांनीही या वेगळ्या जाती मानल्या होत्या, त्यामुळे गोंधळ साहजिकच.

खात्रीसाठी पिंजरा खिडकीच्या उजेडात आणा आणि छाती बघा. नैसर्गिक रंगाच्या नराची गडद, झळझळीत जांभळी. मादीची फिकट, धुऊन विटल्यासारखी. मग कान द्या: हलकं गुणगुणत गातो तो सहसा नरच. पिल्लं राखाडी-हिरवी असतात, त्यांची पिसं बदलेपर्यंत थांबा. दोन माद्यांची जोडी लावून अंडी उबण्याची वाट बघणारे पाहिले की जीव हळहळतो.