सुगम्य बोटप्रवास (कोकण किनारा)

अपंग प्रवाशाला बोटीत चढता यावं, आत हिंडता यावं, संडास वापरता यावा आणि संकटात बाहेर पडता यावं यासाठी बोटीत नि बंदरावर केलेली सोय. भारतात सुरुवात 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यापासून धरता येते, पण जहाजांपुरतं बोलायचं तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं 1996 चं परिपत्रक जास्त नेमकं आहे, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रवासी जहाज कसं असावं ते त्यात दिलंय, अर्थात ती शिफारस, सक्ती नाही. सध्या 2016 चा दिव्यांग हक्क कायदा लागू आहे, त्यात प्रवासाची साधनंही येतात.

कोकणात मुख्य अडचण धक्का आणि बोट यांच्यामधली. उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, दक्षिणेकडे हा फरक कमी होत गोव्याजवळ दोन मीटरच्या आसपास येतो. व्हीलचेअरच्या रॅम्पला 1:12 उतार धरतात, म्हणजे चार मीटरला 48 मीटर लांब रॅम्प, एवढी जागा जेट्टीवर कुठून आणायची? त्यापेक्षा तरंगता धक्का बरा, तो पाण्याबरोबर हलतो म्हणून बोटीशी उंची जुळलेली राहते, मात्र ओहोटीला किनाऱ्याकडून त्याच्यावर उतरणारा पूल खडा होतो. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) तोच पूल बराच सोपा जातो. आत गेल्यावर दारांचे उंबरे आडवे येतात, पाणी आत शिरू नये म्हणून 1966 च्या भाररेषा करारात (जहाज किती भरावं ते ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) काही दारांना किमान 380 मिलिमीटर उंबरा सांगितलाय.

जुन्या मुंबई-गोवा आगबोटी बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागत नसत, पडावात (लहान होडीत) उतरायचं आणि उथळ पाण्यातून खलाशाच्या खांद्यावरून किनारा गाठायचा. त्याला सोय म्हणता येत नाही, ज्याला उचलायचं त्याला आधी विचारायला तरी हवं.

खाडीवरच्या फेरीबोटी (दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी) गाड्यांसाठी रॅम्प टाकतात, त्यावरून व्हीलचेअरही चढते, किंवा माणूस गाडीतच बसून पलीकडे जातो. भाऊचा धक्का-मांडवा रो-रो (गाड्या थेट आत चढवणारी बोट) 2020 पासून. गेटवेच्या लाँचला मात्र अजून ओल्या पायऱ्या उतरून हात धरूनच चढावं लागतं.

कर्णबधिरांसाठी धोक्याच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा, अंधांसाठी जिन्याच्या कठड्यावर ब्रेल.